सांगलीहून अर्थशास्त्राच्या मास्टर्सला: एका अर्जाच्या दोन फेऱ्या

हे प्रकरण २०२२ ते २०२४ या काळातलं आहे. विद्यार्थिनीला इथं अनघा म्हणू. ते तिचं खरं नाव नाही. ओळख पटू नये म्हणून घरचे काही तपशील बदलले आहेत. तिला ज्यांनी होकार किंवा नकार दिला त्या विद्यापीठांची नावं घेतलेली नाहीत. पर्याय समजावताना जी नावं येतील ती सर्वसाधारण माहिती म्हणून वाचावीत. दुसऱ्या फेरीत मी सल्ला द्यायला तिच्यासोबत होतो. पहिल्या फेरीची कागदपत्रं मी नंतर वाचली.

पार्श्वभूमी

अनघा सांगली जिल्ह्यातली. वडील सहकारी बँकेत कॅशियर, आई घरी शिकवण्या घेते. बारावी कॉमर्स, गणित घेऊन. नंतर अनुदानित कॉलेजात अर्थशास्त्र घेऊन बीए, २०२२ मध्ये पास, सीजीपीए १० पैकी ८.९, कॉलेजात पहिली. घरात आणि कॉलेजात सगळ्यांचं एकच म्हणणं होतं: एवढे मार्क असल्यावर लंडन कुठं लांब आहे?

तिच्या फाइलमध्ये एक गोष्ट खरोखर चांगली होती, आणि तिकडे तेव्हा कुणाचंच लक्ष गेलं नव्हतं. तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी तिनं सांगली बाजार समितीतल्या हळदीचे रोजचे भाव आणि एनसीडीईएक्स या शेतमालाच्या वायदेबाजारातले हळदीचे वायदे शेजारी मांडून पाहिले होते. वायद्याचं मूळ केंद्र निजामाबाद, सांगलीत प्रामुख्यानं राजापुरी हळद. म्हणजे दोन भावांत जो फरक दिसतो त्यात जातीचा फरक किती, वाहतुकीचा किती आणि बाजाराच्या अंदाजाचा किती, हे सुटं करावं लागतं. तिला ते जमलं नव्हतं. पण जमलं नाही हे तिला कळलं होतं, आणि प्रकल्पाच्या शेवटच्या पानावर तिनं ते लिहिलंही होतं.

पहिली फेरी

बीए झाल्यावर एका सीएच्या ऑफिसात काम करता करता तिनं नोव्हेंबर २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या तीन विद्यापीठांत अर्ज केले: दोन अर्थशास्त्रासाठी, एक फायनान्ससाठी. अर्ज एका कन्सल्टन्सीमार्फत गेले. ब्रिटनमधल्या बऱ्याच विद्यापीठांकडून अशा एजंटांना प्रवेशामागे कमिशन मिळतं, त्यामुळे यादी कुणाच्या सोयीची बनते हे वेगळं सांगायला नको. जीआरई या परदेशी प्रवेशासाठीच्या परीक्षेत गणित विभागात तिला १७० पैकी १६१ होते. मार्च २०२३ पर्यंत तिन्हीकडून नकार आला. कारण कुणीच कळवलं नाही. ही विद्यापीठं सहसा कळवत नाहीत.

मी ते अर्ज वाचले तेव्हा तीन गोष्टी दिसल्या.

पहिली, गुणपत्रिका. सहा सत्रांत गणिताशी संबंध येणारे पेपर फक्त दोन, आणि तेही क्वांटिटेटिव्ह टेक्निक्स या मोघम नावाचे. आत अवकलन, मॅट्रिक्स, सहसंबंध असं थोडंथोडं. रिअल अ‍ॅनालिसिस नाही, लिनिअर अल्जिब्रा वेगळा नाही, इकॉनॉमेट्रिक्स (आकडेवारीवर अर्थशास्त्र तपासायचं शास्त्र) नाही. बाहेरच्या चांगल्या मास्टर्सच्या पहिल्याच सत्रात मायक्रोइकॉनॉमिक्सचा तास म्हणजे सिद्धतांचा तास असतो. निवड समिती ८.९ पाहते आणि लगेच विचारते, ८.९ कशात?

दुसरी, शिफारसपत्रं. तीन प्राध्यापकांची तीन पत्रं, पण दोन पत्रांत एक वाक्य शब्दशः सारखं होतं, कारण दोन्हींचा मसुदा कन्सल्टन्सीनं दिला होता. “तूच लिहून आण, मी सही करतो” ही आपल्याकडची जुनी रीत आहे आणि त्यात प्राध्यापकांचा वाईट हेतू नसतो. पण वाचणाऱ्याला ते लगेच कळतं. शिवाय तिन्ही पत्रं संस्थेच्या ईमेलवरून नाही, जीमेलवरून गेली होती.

तिसरी, निवेदन, म्हणजे हाच विषय का हे सांगणारा अर्जातला मजकूर. सुरुवात नोटबंदीच्या वेळी वडिलांच्या बँकेसमोर लागलेल्या रांगेनं, मग ‘लहानपणापासून अर्थव्यवस्थेबद्दल कुतूहल’. हळदीच्या प्रकल्पाला दीड ओळ.

यातलं नेमकं कशामुळे अडलं हे सिद्ध करता येत नाही. माझा अंदाज गुणपत्रिकेवर आहे. पत्रं आणि निवेदन दहा दिवसांत दुरुस्त होतात, गुणपत्रिका होत नाही, आणि म्हणून पुढचे सगळे निर्णय गुणपत्रिकेभोवती फिरले.

समोर असलेले पर्याय

एप्रिल २०२३ मध्ये आम्ही चार वाटा कागदावर मांडल्या.

एक, त्याच वर्षी सोप्या अटींचा अभ्यासक्रम घ्यायचा. डेव्हलपमेंट, फायनान्स अँड मॅनेजमेंट असल्या नावांचे एक वर्षाचे बरेच अभ्यासक्रम ब्रिटनमध्ये आहेत आणि त्यांत गणिताची अट सैल असते. कन्सल्टन्सीचा आग्रह याच वाटेचा होता. खर्च मात्र तेवढाच, आणि अनघाला नंतर संशोधनाकडे वळायची इच्छा होती. त्या पदवीनं तो दरवाजा उघडला नसता. वडिलांनी ही वाट पहिल्या बैठकीतच बाद केली: “चाळीस लाखाला नुसतं नाव नको.”

दोन, नोकरी चालू ठेवून एनपीटीईएलवर, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांतून, गणित शिकायचं. अभ्यासक्रम फुकट, परीक्षेची फी हजार रुपये, परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची, गुणांत २५ टक्के गृहपाठ आणि ७५ टक्के परीक्षा. स्वस्त आणि मस्त. पण विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर यातलं काही उमटत नाही. समिती ते मानते की नाही हे तिच्या मर्जीवर.

तीन, इथंच एमएला जायचं आणि त्यातल्या गणिती पेपरांच्या बळावर पुन्हा अर्ज करायचा. मुंबईत गोरेगावला रिझर्व्ह बँकेनं १९८७ मध्ये सुरू केलेली इगिदर ही संशोधन संस्था आहे, पुण्यात १९३० पासूनची गोखले इन्स्टिट्यूट आहे, विद्यापीठांचे विभाग आहेत. इगिदरची प्रवेश परीक्षा तिनं दिली, नंबर लागला नाही. पुण्यातल्या एका संस्थेत लागला.

चार, ब्रिटन सोडून युरोपकडे पाहायचं. वडिलांचा पहिला प्रश्न होता, “जर्मनीत इंजिनिअरिंगला जातात, इकॉनॉमिक्सला कोण जातं?” प्रश्न रास्त होता, कारण आपल्याकडे माहितीच तेवढी आहे. बॉनचे राइनहार्ड सेल्टन यांना १९९४ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, तुलूझचे झाँ तिरोल यांना २०१४ मध्ये. मानहाइम, बॉन, तुलूझ, बार्सिलोना इथले दोन वर्षांचे किंवा संशोधनाकडे नेणारे मास्टर्स इंग्रजीत चालतात आणि या विषयात त्यांचा दबदबा आहे. आणि जाता जाता, बाबासाहेब आंबेडकरांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सबरोबर बॉन विद्यापीठातही नाव नोंदवलं होतं, १९२२ मध्ये. पुढे तिथं शिकणं झालं नाही, पण वाट काही नवी नव्हती. हे ऐकल्यावर वडील थोडे नरमले.

इथं एक गोष्ट नोंदवायला हवी. सरकारी परदेशी शिष्यवृत्तीच्या बऱ्याच योजनांत विद्यापीठाच्या एकूण जागतिक क्रमवारीची अट असते. बॉन किंवा मानहाइम त्या एकूण यादीत फार वर नाहीत, कारण ती यादी सगळ्या विषयांची मिळून असते. त्यामुळे ज्या घराला शिष्यवृत्तीशिवाय जाणं शक्य नाही, त्याला विषयातलं उत्तम पण क्रमवारीत मागे असलेलं विद्यापीठ निवडता येत नाही. अनघा त्या योजनांच्या सामाजिक प्रवर्गांत बसत नव्हती, म्हणून हा पेच तिच्यापुढे आला नाही. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत इथूनच हिशेब बदलेल.

निर्णय: एमए, पण दार उघडं ठेवून

तिसरी आणि चौथी वाट एकत्र करायचं ठरलं. त्याला एका नव्या नियमाची मदत झाली. २०२३-२४ पासून महाराष्ट्रात पदव्युत्तर अभ्यासक्रमांना नवं शैक्षणिक धोरण लागू झालं आणि पहिल्या वर्षाचे ४४ क्रेडिट पूर्ण करून पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडायची सोय आली. म्हणजे वर्षभरानंतर परदेशी प्रवेश मिळाला तर हातात पदविका, नाही मिळाला तर दुसरं वर्ष पुण्यातच. घरच्यांच्या दृष्टीनं ही सर्वांत मोठी गोष्ट ठरली, आणि पुढे मे महिन्यात तिचाच आधार झाला.

पहिल्या सत्रात तिनं मॅथेमॅटिकल इकॉनॉमिक्स आणि स्टॅटिस्टिक्स घेतलं, दुसऱ्यात इकॉनॉमेट्रिक्स. सोबत जुलैच्या सत्रात एनपीटीईएलवर रिअल अ‍ॅनालिसिस. पहिले सहा आठवडे वाईट गेले. कॉमर्सचं गणित म्हणजे सूत्र आणि उत्तर. इथं ‘प्रत्येक एप्सिलॉनसाठी’ अशी सुरुवात. तिची वही मी पाहिली होती: पानाच्या डाव्या बाजूला पुस्तकातली सिद्धता, उजव्या बाजूला तीच सिद्धता मराठीत, ‘म्हणजे कितीही छोटा आकडा दे, मी त्याहून जवळ जाऊन दाखवते’ अशा भाषेत. ऑक्टोबरमध्ये परीक्षेत तिला शंभरात ७१ मिळाले. फार भारी नाही. पण निवेदनात लिहिता येईल एवढं नक्की.

जीआरई पुन्हा दिली. २२ सप्टेंबर २०२३ पासून परीक्षा छोटी झाली होती, दोन तासांच्या आत संपणारी. गणितात १६८ आले. अर्थशास्त्राच्या अर्जदारांची गर्दी वरच्या टोकाला असते, त्यामुळे १६१ जितका डोळ्यांत खुपतो तितका १६८ भावही खात नाही. फक्त खुपायचा थांबतो.

अर्ज कधी करायचा

दुसऱ्या फेरीतला खरा अवघड निर्णय हा होता. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्ससारख्या ठिकाणी अर्ज येतील तसे वाचले जातात. उशीर केला तर जागा भरत जातात. अनघाच्या एमएच्या पहिल्या सत्राचा निकाल जानेवारीअखेर येणार होता. नोव्हेंबरमध्ये अर्ज करावा तर गुणपत्रिका तीच जुनी, बीएची. फेब्रुवारीत करावा तर गणिताचे गुण हातात, पण रांगेत मागे.

माझं मत निकालासाठी थांबण्याचं होतं. तिचं मत उलटं होतं: नोव्हेंबरमध्ये अर्ज करू, चालू असलेल्या पेपरांची यादी जोडू आणि निकाल लागला की पाठवू. शेवटी तिनं दोन भाग केले. लंडनचा एक अर्ज नोव्हेंबरमध्ये गेला, कारण तिथं एका अर्जात दोन अभ्यासक्रम निवडता येत होते आणि लवकर वाचला जाण्याचा फायदा होता. ब्रिटनमधला दुसरा अर्ज फेब्रुवारीत, निकालासह. जर्मनीतल्या दोन अर्जांची मुदत त्याहून पुढे होती, त्यामुळे तिथं प्रश्नच नव्हता. मुदत पुढे असणं हाही निवडीचा एक निकष आहे, आणि याद्या करताना तो क्वचित कुणी लावतं.

जर्मनीसाठी मात्र एक काम आधीच उरकावं लागलं. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचा दाखला) सक्तीचं आहे. तिनं सप्टेंबरमध्येच कागद पाठवले. फी अठरा हजार रुपये, आणि वेळ किती लागेल याचा भरवसा नव्हता. इथं नावाचा घोळ निघाला. गुणपत्रिकेवर आडनाव, नाव, वडिलांचं नाव, आणि शेवटी आईचं नाव अशी चार नावं. पासपोर्टवर नाव आणि वडिलांचं नाव एका रकान्यात, आडनाव दुसऱ्यात, आईचं नाव नाहीच. एका सत्राच्या गुणपत्रिकेत तर आडनावात एक अक्षर चुकलेलं. ते अक्षर विद्यापीठाच्या परीक्षा विभागातून दुरुस्त करून आणायला कॉलेजच्या क्लार्कसोबत कोल्हापूरला जावं लागलं. नुसतं प्रतिज्ञापत्र जोडूनही काम भागतं असं ऐकलं होतं, पण दुरुस्त केलेला मूळ कागद हातात असलेला बरा.

दुसरं किचकट काम म्हणजे पेपरांची यादी. जर्मन विद्यापीठांना प्रत्येक पेपरात काय शिकवलं, किती तास, कोणत्या पातळीचं हे हवं असतं, कारण त्यांना अर्थशास्त्र, गणित आणि संख्याशास्त्र यांचे क्रेडिट स्वतंत्रपणे मोजायचे असतात. बीएचा अभ्यासक्रम विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून काढून, कॉलेजचा शिक्का घेऊन, त्यातल्या प्रत्येक घटकापुढे तिनं तास लिहिले. क्वांटिटेटिव्ह टेक्निक्स या मोघम नावाआड नेमकं काय होतं, हे पहिल्यांदा कुणाला तरी दिसणार होतं.

शिफारसपत्र: एका रकान्याची गोष्ट

पत्रांसाठी यावेळी तिनं माणसं बदलली. विभागप्रमुखांऐवजी एमएला गणित शिकवणारे सर, बीएच्या प्रकल्पाच्या मार्गदर्शक मॅडम, आणि स्टॅटिस्टिक्सचे तरुण प्राध्यापक. मॅडमच्या कॉलेजला स्वतःचं ईमेल डोमेन होतं, पण ते फक्त प्राचार्यांच्या ऑफिसात वापरात. मॅडमच्या नावाचा पत्ता उघडून घ्यायला दोन आठवडे गेले. तो उघडल्यावर विद्यापीठाची लिंक स्पॅममध्ये जाऊन बसली, ती शोधायला आणखी चार दिवस.

पण खरी गंमत गणिताच्या सरांकडे झाली. अर्जात पत्राबरोबर एक तक्ता येतो: तुम्ही शिकवलेल्या विद्यार्थ्यांत हा विद्यार्थी कुठं बसतो? वरच्या १ टक्क्यात, ५, १०, २५, ५० टक्क्यांत? सरांनी सरळ २५ वर खूण केली. अनघाला हे कळायचं कारण नव्हतं. सरांनीच मला फोनवर सहज सांगितलं.

“सर, का?”

“अहो, चांगली आहे. पण पहिल्या पाचात म्हणजे जरा जास्त होतं ना. आपण असं कुणाला म्हणत नाही.”

“किती वर्षं शिकवताय?”

“बावीस.”

“त्या सगळ्यांत धरून?”

सर गप्प झाले. मग म्हणाले, “म्हणजे आत्ताच्या वर्गात नाही, आजपर्यंत शिकवलेल्या सगळ्यांत?” तक्त्यावर तसंच लिहिलेलं होतं. त्यांनी मनाशी मोजणी केली आणि ५ वर खूण केली. मी त्यांना वाढवून सांगा असं म्हणालो नव्हतो, आणि म्हणणारही नव्हतो. पण आपल्याकडचे शिक्षक या तक्त्यात विनयानं उत्तर देतात आणि समोरचा ते शब्दशः वाचतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. २५ ची खूण म्हणजे तिथल्या वाचणाऱ्याला सौम्य भाषेतला नकारच वाटतो.

पत्रात सरांनी स्वतःच्या मनानं लिहिलं की अंतर्गत चाचणीतल्या सिद्धतेच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर वर्गातल्या दोघांनीच दिलं, त्यातली ही एक; आणि वेळेच्या दडपणाखाली ती हळू पडते. दुसरं वाक्य काढावं का, असं त्यांनी विचारलं. ठेवा म्हटलं. तेच वाचून पत्र खरं वाटतं.

निवेदनात रांग आणि लहानपण गेलं. सुरुवात थेट हळदीनं: दोन भाव, दोन जाती, गाळलेले दिवस. अ‍ॅगमार्कनेट या बाजारभावांच्या सरकारी संकेतस्थळावरच्या नोंदीत ज्या दिवशी सौदे नाहीत ते दिवस रिकामे असतात. बीएला असताना तिनं ते आदल्या दिवसाच्या भावानं भरले होते. स्टॅटिस्टिक्स शिकल्यावर तिला कळलं की तसं भरल्यानं दोन मालिका असतात त्यापेक्षा शांत दिसतात. हे तिनं स्वतःच लिहिलं आणि आज काय वेगळं करेन तेही लिहिलं. निवेदन सव्वा पानात संपलं.

पैशाचा हिशेब

लंडनचा ढोबळ आकडा फी, राहणं, व्हिसा आणि आरोग्य अधिभार धरून पन्नास लाखांच्या वर जात होता. फेब्रुवारी २०२४ पासून विद्यार्थ्यांसाठी हा अधिभार वर्षाला ७७६ पौंड झाला होता. फायनान्सचा अभ्यासक्रम घेतला असता तर आकडा आणखी वर, कारण त्यांची फी अर्थशास्त्रापेक्षा साधारण बरीच जास्त असते.

राष्ट्रीयीकृत बँकेत साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, त्यापुढे सहसा लागतं. इथं घराचा प्रश्न आला. अनघाचं घर गुंठेवारीतल्या प्लॉटवर, बिगरशेतीचा आदेश नसलेलं. बँकेच्या वकिलानं कागद पाहूनच मान हलवली. आजोळची शेती आईच्या नावावर होती, पण शेतजमीन या कर्जाला तारण म्हणून घेत नाहीत. विनातारण कर्ज देणाऱ्या खासगी वित्तसंस्था होत्या. व्याज बारा टक्क्यांच्या पुढे आणि शिक्षण चालू असतानाच हप्त्यातलं व्याज भरायचं. वडिलांची निवृत्ती सहा वर्षांवर.

जर्मनीचा हिशेब वेगळा. तिनं निवडलेल्या दोन विद्यापीठांपैकी एकात शिकवणी फी नव्हती, दुसरं बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात, तिथं युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सत्राला १५०० युरो. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,२०८ युरो आधी भरायचे, म्हणजे तेव्हाच्या भावानं दहा लाखांच्या आसपास. पैसे बुडत नाहीत. दर महिन्याला तेव्हा ९३४ युरो परत हातात येत. पण एकरकमी उभे करावे लागतात, आणि कुणाच्या घरी दहा लाख चालू खात्यात पडून नसतात.

मे महिना

लंडनचा नोव्हेंबरचा अर्ज फेब्रुवारीत नाकारला गेला, दोन्ही अभ्यासक्रमांसाठी. फेब्रुवारीत पाठवलेल्या दुसऱ्या ब्रिटिश अर्जाला एप्रिलमध्ये होकार आला. विद्यापीठ नामांकित, अभ्यासक्रम अर्थशास्त्राचाच. घरी पेढे वाटले गेले.

होकारासोबत अट होती: मेअखेर दोन हजार पौंड अनामत, परत न मिळणारी. जर्मनीचे निकाल जून-जुलैशिवाय येणार नव्हते. अनघानं मुदतवाढ मागितली, तीन आठवड्यांची मिळाली. तरी गाठ पडत नव्हती.

भरायचे की नाही? मामांचं म्हणणं, दोन लाख हा विमा समजा. सीएचं ऑफिसही तेच म्हणत होतं. मी वडिलांना एवढंच विचारलं की उरलेले अठ्ठेचाळीस लाख कुठून येणार याचं उत्तर मेअखेर मिळणार आहे का. मिळणार नव्हतं. गुंठेवारी नियमित करायला किती वेळ लागतो हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. ज्या फ्लॅटचं कर्जच मंजूर व्हायचं नाही त्याचं टोकन देऊन ठेवण्यातला तो प्रकार झाला असता. आणि विमा त्यांच्याकडे आधीपासून होता: पुण्यातलं एमएचं दुसरं वर्ष.

अनामत भरली नाही. होकार जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आपोआप रद्द झाला. ते दहा-बारा दिवस घरात फारसं कुणी बोलत नव्हतं, असं आई नंतर म्हणाली.

निष्पत्ती

जूनच्या शेवटी जर्मनीतल्या एका विद्यापीठाचं प्रवेशपत्र आलं, शिकवणी फी नसलेलं. दुसऱ्यानं नाकारलं, यावेळी कारणासह: संख्याशास्त्राचे क्रेडिट कमी. दुसऱ्या सत्रातलं इकॉनॉमेट्रिक्स त्यांनी निकाल न लागल्यामुळे मोजलं नव्हतं.

पैसे असे उभे राहिले: साडेसात लाख राष्ट्रीयीकृत बँकेचं विनातारण कर्ज, एका ट्रस्टची कर्जरूपी शिष्यवृत्ती, उरलेले वडिलांच्या ठेवीतून. ब्लॉक्ड अकाउंटच्या रकमेतला जास्तीत जास्त भाग कर्जाच्या खात्यातूनच थेट जावा असा आग्रह धरला, कारण तेव्हाच्या नियमानं वर्षाला सात लाखांवरच्या रकमेला स्वतःचे पैसे असतील तर ५ टक्के टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना बँक आधीच घेते तो कर) लागत होता, कर्जाचे असतील तर अर्धा टक्का. विवरणपत्र भरून तो परत मिळतो, पण ऐन निघायच्या वेळी पंधरा हजारही अडतात. आता एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा दहा लाख झाली आहे आणि बँकेच्या शिक्षणकर्जातून पाठवलेल्या पैशाला टीसीएसच नाही. व्हिसाचा अर्ज जुलैत गेला हे बरं झालं. सप्टेंबर २०२४ पासून ब्लॉक्ड अकाउंटची रक्कम ११,९०४ युरो झाली.

ऑक्टोबरमध्ये तिचं पहिलं सत्र सुरू झालं. मायक्रो पास, मॅक्रो चांगल्या गुणांनी पास, इकॉनॉमेट्रिक्समध्ये पहिल्या प्रयत्नात नापास. पुन्हा दिलं, निघालं. “सरांनी लिहिलं होतं ना, वेळ पुरत नाही, तेच झालं,” असा तिचा निरोप आला होता. दुसऱ्या सत्रापासून एका संशोधन गटात ती हिवी म्हणून काम करते, म्हणजे विद्यार्थी सहायक. मार्च २०२४ पासून तिथं विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं, आधी १२० होते.

काय वेगळं करता आलं असतं

घराचे कागद. पन्नास लाखांचा अभ्यासक्रम यादीत टाकण्याआधी सातबारा, बिगरशेती आदेश आणि मिळकतपत्रिका घेऊन बँकेत एक फेरी मारली असती तर ब्रिटनचा दुसरा अर्ज झालाच नसता, मे महिन्यातली घालमेलही नाही. आपल्याकडे आधी प्रवेश, मग पैसा असा क्रम धरतात. ज्याच्याकडे तारण नाही त्याच्यासाठी तो क्रम उलटा हवा.

नोव्हेंबरचा लंडनचा अर्ज. माझं मत अजून तेच आहे: निकालासाठी थांबायला हवं होतं. अनघा मानत नाही. तिच्या मते फेब्रुवारीतही नकारच आला असता, आणि तिला तो तीन महिने लवकर कळला, त्यामुळे तिनं जर्मनीच्या कागदांवर लक्ष दिलं. दोघांपैकी कोण बरोबर हे ठरवायला मार्ग नाही.

इकॉनॉमेट्रिक्स पहिल्या सत्रात घेता आलं असतं तर दुसऱ्या जर्मन विद्यापीठाचाही होकार आला असता, अशी बरीच शक्यता आहे. पुण्यातल्या संस्थेत तो पर्याय उपलब्ध होता; आम्ही दोघांनीही पेपरांचा क्रम पाहिला तेव्हा परदेशातल्या मुदतींचं कॅलेंडर शेजारी ठेवलं नव्हतं.

आणि जर्मन भाषा. वर्ग इंग्रजीत चालतात म्हणून तिनं ती मागे ठेवली. पदवीनंतर नोकरी शोधायला तिथं अठरा महिने मिळतात, पण बँका आणि विमा कंपन्यांच्या बहुतेक जाहिराती जर्मन मागतात. आता ती विद्यापीठाच्याच वर्गात बी१ ही मधली पातळी करते आहे, आठवड्यातून दोन संध्याकाळी, थीसिसचा विषय ठरवायच्या गडबडीत.